लांबच्या पेट्या, पंधरा दिवसांची फेरी: मधकोठ्या किती आणि कधी चढवायच्या?

गेळा_फुलला

नमस्कार मंडळी. राहतो पुण्यात, पेट्या जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, घरापासून ११० किलोमीटरवर, ओळखीच्या शेतकऱ्याच्या माळावर. मेलिफेराच्या (युरोपीय मधमाशी) १४ पेट्या, सगळ्या दहा फ्रेमच्या लँगस्ट्रॉथ (सुट्या चौकटींच्या पेट्या). सुपरही (वर चढवायच्या मधकोठ्या) पूर्ण उंचीचेच आहेत.

जांभळाला कळी धरायला लागली आहे, मागोमाग हिरडा येईल. आजची स्थिती अशी:

– ५ पेट्या: दहाही फ्रेमवर माश्या
– ६ पेट्या: सात-आठ फ्रेमवर माश्या
– ३ पेट्या: पाच फ्रेमच्या पुढे सरकत नाहीत
– हाताशी बांधलेली पोळी ११०, मेणपत्रे (पोळं बांधायला द्यायचे मेणाचे पातळ ताव) ६०, राणीजाळ्या (राणीला सुपरात चढू न देणाऱ्या) ८

फेरी दर दुसऱ्या रविवारी. कधीकधी तीन आठवडेही जाणं होत नाही. माळावरचे काका लांबून लक्ष ठेवतात, पण झाकण उघडणार नाहीत.

१) एकाच फेरीत दोन-दोन सुपर चढवून तीन आठवडे निर्धास्त राहता येईल का?
२) जाळ्या ८ आणि सुपर लागणाऱ्या पेट्या ११. काय करावं?
३) फुलोरा सुरू झाला की संपला, हे पुण्यात बसून कसं कळणार?

---

मावळमध

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पोळी कसली आहेत त्यावर. बांधलेली असतील तर दोन सुपर खुशाल चढवा. नुसते मेणपत्रे असतील तर नको.

कारण असं. माश्या आणतात तो मकरंद पातळ असतो, निम्म्याहून जास्त पाणीच. त्या तो आधी पुष्कळ घरांत थोडा थोडा पसरतात, आटवतात, मग गोळा करून घरं भरतात. म्हणजे २० किलो मधाला जागा २० किलोचीच लागते असं नाही, मधल्या काळात त्याच्या दीड-दोन पट लागते. शेजारी राहणारा माणूस चार दिवसांनी येऊन जागा वाढवतो. तुम्हाला ती आधीच देऊन ठेवावी लागेल. म्हणून हिशोब सोपा ठेवायचा: एक सुपर भरायला, एक पसरायला.

मेणपत्रा म्हणजे जागा नव्हे, ते बांधकाम आहे. किलोभर मेणाला सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो असं धरतात, शिवाय वेळ जातो तो वेगळा. माश्यांना वर यायचं मन होत नाही, त्या खालच्या पिलावाकोठीतच (राणी अंडी घालते ती कोठी) मध कोंबतात, राणीला अंडी घालायला जागा उरत नाही आणि वसाहत थव्याच्या (राणीसकट निम्म्या माश्या उडून जाण्याच्या) तयारीला लागते. तुम्ही दोन आठवड्यांनी पोचाल तेव्हा वरचे पत्रे कोरे आणि खाली राणीघरं (नव्या राण्या वाढतात ती घरं).

तुमच्या ११० पोळ्यांची वाटणी मी अशी करीन:

५ जोरकस पेट्या: खालच्या सुपरात ९ बांधलेली पोळी. वरच्या सुपरात मधोमध ४ पोळी सलग आणि दोन्ही बाजूंना मिळून ६ मेणपत्रे. पेटीला १३ पोळी, एकूण ६५.

६ मध्यम पेट्या: एकेकच सुपर. मधोमध ७ पोळी, कडांना ३ मेणपत्रे. एकूण ४२.

३ कमजोर पेट्या: सुपर नाही. सहा महिन्यांपूर्वी द्यायला हवं होतं ते लक्ष आता सुपर देऊन भरून निघत नाही. रिकाम्या सुपरात ऊब जाते आणि मेणकिडा (पोळी पोखरणारा पतंग) शिरतो.

झाली १०७ पोळी. तीन राखीव, एखादी फ्रेम तुटतेच. मेणपत्रे ४८ लागले.

दोन गोष्टी इथं चुकतात. एक, पोळं–पत्रा–पोळं–पत्रा अशी आलटूनपालटून मांडणी. दिसायला न्याय्य, पण माश्या बांधलेलं पोळं शेजारच्या पत्र्याच्या जागेत फुगवतात आणि पत्रा तसाच चेपून राहतो. पोळी एकत्र, पत्रे एकत्र. दोन, नऊ फ्रेमची ढील. दहाच्या सुपरात नऊच फ्रेम सारख्या अंतरानं लावल्या तर पोळी जाड होतात आणि सुरी सरळ चालते, हे खरं. पण हे फक्त पूर्ण बांधलेल्या पोळ्यांना. पत्रा असलेल्या सुपरात दहाच्या दहा फ्रेम घट्ट चिकटवून लावा, नाहीतर आडवीतिडवी पोळी बांधून सगळा सुपर एकजीव करून ठेवतील.

जाळ्यांचं: पाच जोरकस पेट्यांना पाच, उरलेल्या तीन मध्यम पेट्यांना. जाळीवर बांधलेली पोळी असली की माश्या बिनतक्रार वर जातात. जाळीवर नुसते पत्रे ठेवले तर आठवडाभर ढुंकून बघत नाहीत. ज्या तीन पेट्यांना जाळी नाही त्यांना नवी, पांढरी पोळी द्या. ज्यात पूर्वी पिलावा होऊन गेला आहे ती काळी पोळी दिलीत तर राणी शोधत वर येईल. आलीच, तर पुढच्या फेरीत राणी खाली घ्या आणि तेव्हा एखादी जाळी मोकळी करून मध्ये घाला. वरचा पिलावा कामकरी असेल तर २१ दिवसांत, नर असतील तर २४ दिवसांत निघून जातो. नर जाळीतून मावत नाहीत, अडकून मरतात आणि जाळी तुंबते, म्हणून तेवढे दिवस वरच्या झाकणाखाली काडी घालून बोटभर फट ठेवायची.

आणखी एक, वजन. पूर्ण उंचीचा भरलेला सुपर मधच २२–२५ किलो, लाकडासकट तीसच्या आसपास. दोन सुपर चढले की स्टँडवर ९० किलो येतात. माळाची माती वळवानं भिजली की स्टँडचा एक पाय खचतो. पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे घाला. पेटी आडव्या अंगाला लेव्हलमध्ये हवी, कारण माश्या पोळं ओळंब्यात बांधतात, चौकट तिरकी असेल तर पोळं चौकटीबाहेर जातं. दारच्या बाजूला मात्र किंचित उतार, पाणी आत साचू नये म्हणून.

---

सातवा_दिवस

मावळमध यांची सुपरची वाटणी पटली. पण दर दुसऱ्या रविवारी ही फेरीच चुकीची आहे, त्यावर कोणी बोललं नाही.

अंडं घातल्यापासून राणीघर सील व्हायला आठ दिवस. पहिलं राणीघर सील होण्याच्या सुमारास, हवा उघडी असेल तर, जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघते. चौदा दिवसांच्या फटीत हा सगळा खेळ सुरू होऊन संपतो. तुम्हाला पुढच्या फेरीत दिसतं ते एवढंच, की पेटी हलकी झाली आहे आणि सुपरात माश्या विरळ आहेत. मधाचा हंगाम त्या पेटीपुरता गेला.

फेऱ्या तेवढ्याच ठेवा, अंतर बदला. पहिल्या दोन फेऱ्यांत आठच दिवसांचं अंतर ठेवा, पुढे तीन आठवडे गेला नाहीत तरी चालेल.

पहिली फेरी (कळी असताना): पाच जोरकस पेट्यांतून प्रत्येकी दोन फ्रेम सील पिलावा काढा, माश्या झटकून, राणी त्यावर नाही हे दोनदा बघून. त्या दहा फ्रेम सहा मध्यम पेट्यांना वाटा: चार पेट्यांना दोन-दोन, दोघांना एकेक. त्यांच्या कडेच्या रिकाम्या फ्रेम जोरकस पेट्यांत आणा. म्हणजे मेणपत्रा एकही खर्च नाही. जोरकस पेटीतली गर्दी कमी होते, राणीला जागा मिळते, मध्यम पेटीत आठ-दहा दिवसांत ताज्या माश्या बाहेर पडतात. माश्या झटकल्या असल्या की भांडण होत नाही. मात्र पिलाव्याची सीलं आत बसलेली, भोकं पडलेली, वास येणारी असतील त्या पेटीतली एकही फ्रेम दुसरीकडे न्यायची नाही. त्याच फेरीत सुपर आणि जाळ्या.

दुसरी फेरी (आठव्या दिवशी): सुपर उतरवून पिलावाकोठी मागून उचलायची आणि फ्रेमच्या खालच्या कडा बघायच्या. थव्याची राणीघरं बहुधा तिथंच लोंबतात. पेटीला दोन-तीन मिनिटं. राणीघराच्या सुरुवातीचे कोरे कप असतील तर सोडून द्या. कपात अंडं किंवा पांढरी खीर असेल तर मात्र ती पेटी पूर्ण उघडायची. राणीघरं नुसती मोडून भागत नाही, आठवड्यात परत बांधतात. जुनी राणी तीन फ्रेमसकट छोट्या पेटीत वेगळी काढा, मूळ पेटीत एकच चांगलं राणीघर ठेवा. मध त्या पेटीत साठत राहतो, कारण वीसेक दिवस पिलाव्याला खाऊ घालायचं काम कमी होतं.

डेमरी पद्धत (पिलावा सुपरच्या वर चढवून राणी खाली ठेवणं) १८९२ पासून चालत आली आहे आणि उत्तम आहे, पण वरच्या पिलाव्यावर बांधलेली राणीघरं आठ-दहा दिवसांत मोडायला जावंच लागतं. ते जमणार नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

---

काटा_बोलतो

तिसऱ्या प्रश्नाला मोबाइल ॲप नको, काकांना एक लटकता डिजिटल काटा द्या. ५० किलोचा पुरतो, कारण पेटी पूर्ण उचलायचीच नाही.

तळपाटाला मागे आणि पुढे एकेक मजबूत हुक बसवा. काटा हुकात अडकवून ती बाजू स्टँडवरून जेमतेम सुटेल इतकी उचलायची, आकडा वाचायचा. मग दुसरी बाजू. दोन्हींची बेरीज म्हणजे पेटीचं वजन. दोनच पेट्या पुरेत, एक जोरकस आणि एक मध्यम. वेळ नेहमी एकच, दिवस मावळल्यावर माश्या आत आल्या की. झाकण उघडायचं नाही, त्यामुळे काकांना बिचकायचं कारण नाही. आठवड्यात दोनदा आकडे फोनवर पाठवले की झालं.

वाचायचं असं:

दिवसाला पाव किलोच्या आत वाढ: घरखर्च भागतो आहे, इतकंच.

दिवसाला एक-दीड किलो: बहर लागला. दीड किलोनं १४ दिवसांत २१ किलो होतात, म्हणजे नऊ पोळ्यांचा एक पूर्ण सुपर. तुम्ही दोन देऊन आला असाल तर झोपा. एकच दिला असेल त्या पेटीसाठी दहाव्या दिवशी गाडी काढा.

सलग चार-पाच दिवस काटा जागच्या जागी: बहर ओसरला. तिथून आठ-दहा दिवसांनी मध काढायला जा, तोवर उरलेलं सील होतं.

एका दिवसात दोन-तीन किलो घट: थवा गेला किंवा लूट सुरू आहे. दारात माश्यांची झटापट आणि मेणाचा भुगा दिसतो का, हे काका लांबूनही सांगू शकतील.

पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा धरू नका, ओलं लाकूड वजन वाढवतं.

---

भोरची_सातेरी

वाचणाऱ्यांपैकी बरेच जण सातेरीवाले (सातेरी म्हणजे आपली देशी मधमाशी) असतील, त्यांच्यासाठी खुलासा. वरचा दोन सुपरचा सल्ला सातेरीला लावू नका.

सातेरीची मधकोठी अर्ध्या उंचीची, वसाहत लहान. जास्त जागा दिली की ती राखायला माश्या पुरत नाहीत, मेणकिडा जाळी विणतो, आणि सातेरी त्याच्याशी झुंजत बसत नाही, पेटी सोडून जाते. पिलावाकोठीच्या सगळ्या फ्रेम माश्यांनी झाकल्या आणि पोळ्यांच्या वरच्या कडेला नवं पांढरं मेण दिसलं की एक मधकोठी. ती तीन-चतुर्थांश भरली की दुसरी, पहिलीच्या खाली. सात फ्रेमची कोठी भरून अडीच किलोच्या आसपास मध, त्यामुळे लांबच्या सातेरीला फेऱ्या जास्तच लागतात, त्याला इलाज नाही. पिलावाकोठीतला मध पिळायचा नाही, तो त्यांचा पावसाळ्याचा शिधा.

आणि गेळा_फुलला, त्याच माळावर कुणी सातेरी ठेवायचा सल्ला दिला तर ऐकू नका. फुलोरा आटला की मेलिफेरा सातेरीच्या पेट्या लुटतात.

---

गेळा_फुलला

सगळ्यांचे आभार. फेऱ्यांची अंतरं बदलतो, काटा आजच मागवला. आता मध काढण्याबद्दल. मधयंत्र घरी आहे, चार फ्रेमचं. माळावर वीज नाही. तिथंच मध काढावा की सुपर पुण्याला आणावेत? माश्या हटवायला पलायन-पाट (माश्यांना सुपरातून खाली जाऊ देणारा, परत वर येऊ न देणारा) घेऊ का? आणि रिकामी ओली पोळी परत कधी द्यायची, पुढची फेरी तर दोन आठवड्यांनी?

---

मावळमध

सुपर घरी आणा. बहर ओसरताना उघड्यावर मध काढणं म्हणजे चौदा पेट्यांना लुटीचं आमंत्रण.

पलायन-पाट चांगलाच, पण त्याला २४ ते ३६ तास लागतात. म्हणजे मुक्काम हवा. शनिवारी सकाळी पाट घालायचा, रविवारी दुपारी सुपर उचलायचे. पाट घालून पुण्याला परत यायचं आणि पुढच्या रविवारी जायचं, हे मात्र करू नका. पाटाच्या वर पिलावा असेल तर माश्या त्याला सोडत नाहीत. नसेल तर वरचा मध आठवडाभर बिनपहाऱ्याचा राहतो, झाकणाला कुठं फट असली की बाहेरच्या माश्या आणि मुंग्या साफ करतात. मुक्काम जमत नसेल तर एकेक फ्रेम उचलून ब्रशनं माश्या झाडा आणि लगेच झाकणाच्या रिकाम्या पेटीत ठेवा. स्मोकर बेताचा, धुराचा वास मधाला लागतो.

कोणती फ्रेम घ्यायची: तीन-चतुर्थांश सील झालेली. शंका असेल तर फ्रेम आडवी धरून एक झटका द्या. थेंब उडाले तर परत ठेवा. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर पाणी २० टक्क्यांच्या आत हवं, एफएसएसएआयची मर्यादा तीच आहे. इथं लांबच्या पेटीचा एक फायदा कबूल करायला हवा: घाईनं कच्चा मध काढण्याचा मोह होत नाही. पण उलटंही आहे, मे महिन्याच्या शेवटी हवा दमट झाली की उघडी घरं पाणी ओढतात. हिरड्याचा मध तोवर उतरवलेला बरा.

ओल्या पोळ्यांचं उत्तर आधीच्या हिशोबात आहे. भरलेला सुपर उतरवला की त्याच जागी दुसरा रिकामा चढवूनच निघायचं, धुतल्या कपड्यासारखा जोड. त्यासाठी पुढच्या वर्षापर्यंत पोळी २००च्या पुढं न्या. यंदा पोळी कमी आहेत, तर सगळ्या पेट्यांचा मध एका दिवशी काढू नका. निम्म्या पेट्यांचा काढा, ती ओली पोळी ओलीच, सुपर एकावर एक रचून, कडांना चिकटपट्टी मारून, सावलीत ठेवा आणि पुढच्या फेरीत दुसऱ्या निम्म्यांना द्या. द्यायची ती संध्याकाळी.

गाडीचं: बंद गाडी उन्हात उभी करू नका. मेण ६२–६४ अंशांना वितळतं, पण मधानं भरलेलं नवं पांढरं पोळं चाळिशीच्या वरच लोळायला लागतं. फ्रेम गाडीच्या लांबीला समांतर, आडव्या नाहीत, म्हणजे ब्रेक मारला तरी एकमेकींवर आदळत नाहीत. दहा सुपर म्हणजे तीनशे किलो, साध्या कारचं काम नाही. पुढच्या खेपेला ६⅝ इंची सुपर घ्या, भरून वीसएक किलो होतात. पिलाव्याच्या फ्रेम त्यात बसत नाहीत, हा त्याचा तोटा आहे, पण माळावरून गाडीपर्यंत वाहणारी पाठ तुमचीच आहे.

---

सातवा_दिवस

दोन-तीन सुटे मुद्दे.

सुपर चढलेले असताना साखरपाणी आणि माइटची (व्हरोआ, माश्यांवरची गोचीड) औषधं, दोन्ही बंद. साखरपाणी सरळ सुपरात जातं. व्हरोआचं औषध शेवटचा सुपर उतरल्या दिवशीच लावा. त्या फेरीत विसरलात तर पावसाळा तोंडावर येतो.

वणवा. मार्च-एप्रिलमध्ये तिकडचं गवत काडीवर पेटतं. पेट्यांभोवती चार-पाच मीटर गवत कापून जाळरेषा काढा, पहिल्याच फेरीत. स्मोकरची राख तिथंच पाणी ओतून विझवा.

मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी नको, तुमच्या दोन फेऱ्यांत ते वाळून जातं. जळकं ऑइल घाला. पेटीला टेकणारी एक गवताची काडीही पूल होते.

आणि जुन्नर म्हटल्यावर सांगायला नको, तरी: दिवस मावळल्यावर वाकून काम करताना सोबत माणूस ठेवा, गाडीचे दिवे चालू ठेवा. बिबट्याला बसलेला-वाकलेला माणूस लहान दिसतो.

---

काटा_बोलतो

पावसाआधी पेट्या पूर्वेला हलवणार असाल तर सुपर चढलेले असताना हलवू नका, पोळी तुटून खालच्या माश्या मधात बुडतात. आधी सुपर घरी, चार दिवसांनी पेट्या. उतरवलेली पोळी मेणकिड्यापासून राखायला बंद रचलेल्या सुपरांत गंधक जाळतात. त्यानं किडा आणि अळी मरते, अंडी मरत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी परत. गंधक जळत्या भांड्यात सगळ्यात वरच्या रिकाम्या सुपरात ठेवा, धूर जड असतो, खाली उतरतो. डांबरगोळ्या कुणी सांगितल्या तर नको, वास मेणात मुरतो आणि पुढच्या वर्षीच्या मधात उतरतो.

---

गेळा_फुलला

रविवारी पहिली फेरी, पुढची बरोबर आठ दिवसांनी. बांधलेल्या पोळ्यांपैकी २० काळी निघाली, ती जाळी असलेल्या पेट्यांनाच देतो. वळवासाठी झाकणावर दगड ठेवू की पट्टा?

---

मावळमध

पट्टा, तळपाटापासून झाकणापर्यंत. दगड वानरं ढकलतात.